फोनची वेळ

बायको गेली हे मला सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी कळलं. बचाव केंद्राच्या ऑफिसात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. समोरच्या भिंतीला भरती-ओहोटीचा तक्ता होता आणि त्याच्या शेजारी घड्याळ, म्हणून वेळ पाठ आहे. आतल्या खोलीत वायरलेसवर कोणीतरी बराच वेळ बोलत होतं. मग बोलणं थांबलं. अधिकारी बाहेर आला. त्यानं टोपी काढून हातात धरली होती.

लेक माझ्या शेजारी बसल्या बसल्या झोपली होती. रात्रभर जागून पहाटे कुठे तिचा डोळा लागला होता. मी तिच्या खांद्याकडे हात नेला तर अधिकारी म्हणाला, "राहू द्या दोन मिनिटं. झोपलीय तोवर तुमच्याकडून एक लिहून घेतो."

त्यानं वही उघडली. माणूस चांगला होता.

"काल तुमचा फोन आला पाच पंचेचाळीसला. त्याची नोंद आमच्याकडे आहे. तुमच्यात ठरलेली वेळ काय होती?"

मी म्हणालो, "पावणेसहा."

"म्हणजे वेळेवरच केलात."

"हो."

त्यानं लिहिलं. ते खोटं होतं. ठरलेली वेळ पाच वाजून पाच मिनिटांची होती. ती बायकोनं स्वतःच्या हातानं चिकटपट्टीवर लिहून गाडीच्या डॅशबोर्डला लावली होती. ती पट्टी मी रात्रीच काढून खिशात घातली होती. का काढली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता येतं.

हे सगळं काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर त्या चाळीस मिनिटांचा अर्थ लागणार नाही.

बायको सर्फस्की चालवायची. ही एक होडी असते. सहा मीटर लांब, जेमतेम दीड फूट रुंद, वजनाला तेरा किलो. हिच्या पोटात बसत नाहीत, वर बसतात, खाचेत. हातात दोन्ही बाजूंना पाती असलेलं वल्हं, पायाशी सुकाणूची पेडलं आणि पायाला एक पट्टा, म्हणजे पडलं तरी होडी सोडून जात नाही. जोराचा वारा सुटला की लोक होड्या आत घेतात. हे लोक तेव्हाच बाहेर काढतात. वारा पाठीवर घेऊन खुल्या समुद्रातून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं. आमच्या गटात त्याला पाठवारा म्हणायचे. मागून लाट येते, होडीची शेपटी उचलते, त्या क्षणी चार-पाच वल्ही जीव खाऊन मारली की होडी उतारावरून घसरायला लागते. ती घसरण संपायच्या आत पुढची लाट गाठायची. हे साधलं की चौदा किलोमीटर सव्वा तासात होतात, आणि उतरलेला माणूस दोन दिवस दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाही.

बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. दिवसभर रक्ताच्या बाटल्यांवर नाव, तारीख, वेळ. मी लिफ्ट दुरुस्त करतो. मला पोहता येतं, पण त्या होडीवर मी दोनदा बसलो आणि अकरा वेळा पडलो. ती म्हणाली, "अहो, तुम्ही लिफ्टमध्येच बरे. वर आणि खाली. आडवं जाणं तुमचं काम नाही." तेव्हापासून मी काठावरचा माणूस झालो.

पाठवाऱ्याला काठावर एक माणूस लागतोच. एका धक्क्यावरून निघायचं आणि चौदा किलोमीटरवर, दीपस्तंभाचं टोक ओलांडून आतल्या वाळूवर उतरायचं, तर गाडी इकडून तिकडे कोणीतरी न्यायला हवी. पण खरं काम ते नाही. खरं काम फोनचं. अंगावर पिशवीत मोबाइल असतो, पण लाटांमध्ये गारठलेल्या बोटांनी तो लागेल याचा भरवसा कोणी धरत नाही. म्हणून निघताना होडीवाला एक वेळ ठरवून देतो. तोवर तो उतरला नाही तर काठावरच्या माणसानं बचाव केंद्राला फोन करायचा. विचार करायचा नाही, वाट बघायची नाही, फोन करायचा. आणि तो फोन त्यानं एकट्यानंच करायचा, म्हणजे दोन फोन जाऊन बचाव बोटीचा गोंधळ होत नाही. होडी टोकाच्या आत वळू शकली नाही तर पुढं नुसता समुद्र आहे. वारा माणसाला तिकडेच नेतो.

ती गेली त्याच्या चार महिने आधी मी असाच एक फोन केला होता. वेळ झाली, ती दिसली नाही, मी फोन केला. बोट निघाली, भोंगा वाजला, वाळूवर फिरायला आलेली माणसं गोळा झाली. आणि चार मिनिटांनी टोकाच्या आडून ती आली. सोबत गटातले दाताचे डॉक्टर. दोघं डॉल्फिन बघत बसले होते. गटातल्यांनी मला त्या दिवसापासून भोंगा म्हणायला सुरुवात केली. फोन आला की "कोण, भोंगा का?" डॉक्टर जरा अदबीनं, "काय भोंगेराव?" घरी येताना गाडीत बायकोही हसून हसून बेजार. म्हणाली, "दहा मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "कालचं मनावर घेऊ नका. तुम्ही बरोबर केलंत. वेळ म्हणजे वेळ. मी काहीही बोलले तरी ऐकायचं नाही."

तिची ही दोन्ही वाक्यं मला शब्दन् शब्द आठवतात. ती परत आली नाही त्या दुपारी मी पहिलं ऐकलं.

त्या दुपारी ती आणि डॉक्टर साडेतीनला निघाले. डॉक्टर चार बेचाळीसला उतरले. एकटेच. तोंड मिठानं पांढरं झालेलं, खूश. "काय वारा होता आज! मॅडम मागेच आहेत, टोक दिसायला लागलं तोवर सोबत होतो." जोडीनं गेलं की दर दहा मिनिटांनी मागं वळून बघायचं असा नियम आहे. पण मागं वळलं की लाट निसटते, आणि लाटा चांगल्या लागल्या की हा नियम सगळेच मोडतात. बायकोही मोडायची.

पाच वाजून पाचला माझ्या मोबाइलचा गजर झाला. डॉक्टर म्हणाले, "करताय ना फोन?"

मी म्हणालो, "थांबा, दहा मिनिटं बघू."

"भोंगेराव, वेळ झाली."

"येईल हो. परत सगळी वाळू हसायला नको."

दहा मिनिटांनी ते परत म्हणाले. मी खडकावर चढून बघत होतो. मी पुन्हा म्हणालो, दहा मिनिटं. तीही सरली तेव्हा ते होडी घेऊन वाऱ्याच्या विरुद्ध निघाले. मी त्यांना लाटांत आपटताना बघत होतो. अठरा-वीस मिनिटांनी परत आले ते वाळूवर गुडघ्यांवर बसले आणि मान हलवली. मग मी फोन केला. सव्वासहाला सूर्य मावळला.

माझ्या धंद्यात एक चाळा असतो. दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट सुटू न देणारा दाराचा कॉन्टॅक्ट सारखा अडवायला लागला की काहीजण तिथे वायरचा तुकडा जोडून ठेवतात. लिफ्ट चालते. दार उघडं असलं तरी चालते. असं केलं म्हणून मी एका हुशार मेकॅनिकला कामावरून काढलंय. अडवतो म्हणूनच तो तिथे बसवलाय, असं मी त्याला सुनावलं होतं.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी टोकापासून सोळा किलोमीटरवर सापडली. पट्टा पायातच होता. वल्हं नव्हतं. कधी गेली ते नक्की सांगता येणार नाही, असं तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं. मी ते वाक्य धरून बसलो. नक्की सांगता येत नाही म्हणजे पडल्या पडल्याही गेली असेल. मग पाच पाचला फोन केला काय आणि पावणेसहाला केला काय.

तिसऱ्या दिवशी घरी माणसं जमली होती. डॉक्टर आले, दाराशी चपला काढून कोपऱ्यात उभे राहिले. मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, सोफ्यावर होता. लहानपणापासून बहिणीच्या पाठीपाठी फिरलेला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काय डॉक्टर, मान आखडली होती का तुमची?"

डॉक्टर म्हणाले, "मी वळून बघायला हवं होतं."

"हवं होतं! दुसऱ्यांचे दात वाकून वाकून बघता. जिवंत माणूस मागं होतं, एकदा बघवलं नाही?"

माझ्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे होता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. पावणेसहा हा आकडा तोवर त्यांच्या कानावर गेलेला होता, हे मला त्या बघण्यात कळलं. मी एक शब्द बोललो असतो तर ते तिथेच संपलं असतं. मी ट्रे घेऊन आत गेलो. बाहेर आलो तेव्हा डॉक्टर गेले होते आणि लेक मामाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती.

त्यानंतर डॉक्टर आमच्या घरी आले नाहीत, समुद्रावरही गेले नाहीत. गटातली माणसं त्यांच्या बाजूनं बोलायला लागली तशी लेक त्यांच्यापासूनही तुटली.

आठ महिने गेले. लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आईबरोबर तिनं सात-आठ पाठवारे केले होते. एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, "बाबा, गुरुवारी वारा आहे. मी आईचा रस्ता करणार आहे."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

"एकटं कोणी जात नाही."

"मग कोणाबरोबर जाऊ? सगळे त्या डॉक्टरचे भालदार-चोपदार झालेत. जो मागं वळून बघत नाही त्याच्या कंपूतलं मला कोणी नको."

"नको जाऊ."

"तू काठावर येणार की नाही एवढंच सांग. नसलास येणार तरी मी जाणार."

मला माहीत होतं की ती जाणार. ती थेट तिच्या आईवर गेलीय. मी नाही म्हटलं असतं तर काठावर कोणीच नसतं. मी येतो म्हणालो. आणि रात्रभर एकच गोष्ट डोळ्यांसमोर येत राहिली. ती एकटी चालली होती ती माझ्यामुळे. त्या रस्त्यावर तिला घेऊन जाऊ शकेल असा एकच माणूस गटात होता, आणि तो तिच्या लेखी तिच्या आईला मारणारा होता.

बुधवारी दुपारी मी दवाखान्यात गेलो. बाहेर दोन पेशंट गालाला हात लावून बसले होते. डॉक्टरांनी मला बघून मास्क खाली ओढला.

"दात दुखतोय?"

"नाही."

त्यांनी मला आतल्या छोट्या खोलीत नेलं, जिथे दातांचे साचे ठेवतात. मी सगळं सांगितलं. ते साच्यांकडे बघत ऐकत होते.

"मी दिसलो तर ती आणखी जोरात मारेल," ते म्हणाले. "मग दमेल आणि पडेल."

"दिसू नका. मागं राहा. लाटांवर असली की ती मागं वळणार नाही."

हे बोलून गेलो आणि मला जीभ चावावीशी वाटली. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "हो. ते खरंय. कोणीच वळत नाही."

मग विचारलं, "किती वाजता निघतेय?"

"सव्वातीन."

"होडी गॅरेजात टांगलीय आठ महिने. आज उतरवतो." दाराशी थांबून म्हणाले, "फोनची वेळ तीच ठरवणार ना?"

"हो."

"बरं," एवढंच म्हणाले, आणि बाहेर जाऊन पेशंटला आत बोलावलं.

गुरुवारी धक्क्यावर उभं राहिलं तर वारा पाठीला हात लावून ढकलत होता. समुद्र सगळा पांढऱ्या रेघांनी भरलेला. लेकीनं पायाचा पट्टा बांधला, ओढून बघितला, सोडला, परत बांधला. गाडीत वाकून चिकटपट्टीवर चार पन्नास असं लिहिलं आणि डॅशबोर्डवर चिकटवलं.

"साडेचारपर्यंत येते. वीस मिनिटं वरची. उगाच घाबरू नकोस, भोंगा."

हा शब्द ती आठ महिन्यांत पहिल्यांदा बोलली. मी हसल्यासारखं केलं.

ती गेली. दोन लाटांवरून वर आली, तिसऱ्यानंतर नुसती टोपी दिसायला लागली. मग धक्क्याच्या पलीकडच्या खडकांमागून डॉक्टरांची होडी निघाली. ते माझ्याकडे न बघता गेले.

दीपस्तंभाकडे जाणारा रस्ता चाळीस मिनिटांचा आहे. बहुतेक रस्ता झाडीतून जातो, एका वळणावर तेवढा समुद्र दिसतो. मी गाडी थांबवून उतरलो. बराच वेळ काही दिसेना. मग एक काडी दिसली, लाटेच्या पाठीवरून घसरताना. आणि तिच्या मागं, तीनेकशे मीटरवर, दुसरी. पुढची काडी छान चालली होती. तिची आई तशीच जायची, खांदे न हलवता. मी तिथे उभा राहून मोठ्यानं "शाबास" म्हणालो. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न मारला तेव्हा कळलं की मी गाडी अर्धी रस्त्यातच उभी केली होती.

चार दहाला मी वाळूवर पोचलो. साडेचार झाले. कोणी नाही. टोकाजवळ लाटा खडकावर फुटून दोन पुरुष उंच उडत होत्या. चार चाळीस. कोणी नाही. एक पांढरं काहीतरी टोकाच्या आडून आलं, माझा श्वास सुटला, आणि ते उडालं. पक्षी होता.

चार सेहेचाळीसला माझ्या डोक्यात तेच सुरू झालं. येईल. डॉक्टर आहेत सोबत. आत्ता फोन केला तर डॉक्टरांचं नाव सांगावं लागेल, आणि ती उतरल्यावर माझं तोंड बघणार नाही. पाच मिनिटं. अगदीच वाटलं तर दहा. माझ्याच आवाजात, माझ्याच शब्दांत, तेच. मी खडकाकडे चालायला लागलो होतो. चढून बघू म्हणून. एक पाय खडकावर ठेवला आणि तिथेच थांबलो. तिथून उतरून परत वाळूवर आलो, गाडीचं दार उघडलं आणि पट्टीसमोर बसलो. मोबाइल हातात धरून घड्याळाकडे बघत राहिलो. चार एकोणपन्नास. ते एक मिनिट फार लांब होतं.

चार पन्नासला नंबर लावला. पहिल्यांदा चुकीचा लागला. दुसऱ्यांदा पलीकडून बाईचा आवाज आला.

"बचाव केंद्र."

"दोन सर्फस्की. धक्क्याकडून दीपस्तंभाच्या वाळूकडे येत होत्या. उतरल्या नाहीत."

"ठरलेली वेळ?"

"चार पन्नास."

"आत्ता चार पन्नासच झालेत."

"हो."

"दोन माणसं?"

"एक माझी मुलगी. वय एकवीस. पिवळी होडी. दुसरे दाताचे डॉक्टर."

"बोट काढतोय. जागा सोडू नका. फोन मोकळा ठेवा."

पाच वाजले. पाच पाच झाले. ते मी बघितलं नाही असं नाही. बोट टोकापाशी गेली, तिथे एकदा वर उचलली गेली, अख्खी तळापर्यंत दिसली, आणि पलीकडे गेली. मग अर्धा तास नुसता वारा. मी वाळूवर फेऱ्या मारल्या नाहीत की कोणाची करुणा भाकली नाही. मी गाडीला टेकून उभा होतो आणि सूर्य किती वर आहे ते बोटं आडवी धरून मोजत होतो. चार बोटं होता. मग तीन झाला.

पाच छत्तीसला फोन वाजला. "दोघं मिळाले. दोघं बोलतायत. केंद्राच्या जेटीवर या."

जेटीवर लेक चांदीच्या रंगाच्या ब्लँकेटमध्ये बाकावर बसली होती, ओठ निळे, दात वाजत होते. डॉक्टर दोन पावलं लांब उभे होते, दोन्ही तळहात सोलून निघालेले. मी जवळ गेलो तर ती म्हणाली, "तू यांना पाठवलंस?"

"हो."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

झालं असं होतं की टोक आलं असताना तिच्या सुकाणूची तार तुटली. सुकाणू गेलं की ही होडी लाटेवर आडवी होते आणि उलटते. ती तीनदा चढली. चौथ्यांदा हात उचलेना. तेवढ्यात डॉक्टर पोचले. ती पाण्यातून ओरडली, "तुम्ही इथे काय करताय?" तर म्हणाले, "फिरायला आलोय. चढ आधी." त्यांनी दोन्ही हातांनी तिची होडी आपल्या होडीला घट्ट धरली. एक हात सोडला की लाट दोन्ही होड्या फाकवायची, त्यामुळे ना वल्हं मारता येईना, ना मोबाइल काढता येईना. वारा त्यांना टोकाच्या पुढं घेऊन गेला. बोट पोचली तेव्हा ते चार किलोमीटर बाहेर होते.

बोटीचा तांडेल दोर गुंडाळत आला. मोठा, आडवा माणूस. म्हणाला, "फोन कोणी केला? तुम्ही? नशीब वेळेवर केलात. टोकाच्या पुढं गेलेला माणूस उजेडात दिसतो. अर्धा-पाऊण तास उशीर झाला असता तर दिवे लावून चाचपडत बसलो असतो आणि सकाळी..." आणि थांबला. त्यानं मला ओळखलं होतं. आठ महिन्यांपूर्वी बायकोला यानंच पाण्यातून काढलं होतं.

"माफ करा," तो म्हणाला. मग समजुतीच्या सुरात, "त्या वेळी मॅडमनी फोनची वेळच फार उशिराची ठेवली होती. पावणेसहा म्हणजे दिवस बुडायलाच आलेला. तिथेच चुकलं त्यांचं. तुम्ही तर वेळेवर केला होता."

लेक खाली बघत होती. तिनं मान हलवली. आईचं चुकलं, हे तिनं मान्य केलं होतं.

मी खोटं बोललो तेव्हा ते कोणावर जाऊन पडेल याचा विचारच केला नव्हता. अर्धं डॉक्टरांवर पडलेलं मी आठ महिने बघत होतो. उरलेलं तिच्यावर पडलं होतं. जिनं जन्मात एका बाटलीवर चुकीची वेळ लिहिली नाही तिच्यावर.

मी म्हणालो, "तिचं चुकलं नाही. तिनं पाच पाचची वेळ ठेवली होती."

तांडेलाचे हात दोरावर थांबले.

"मी फोन केला नाही. लोक हसतील म्हणून थांबलो. डॉक्टर दोनदा म्हणाले फोन करा. मीच थांबलो. आणि मग इथल्या वहीत पावणेसहा सांगितलं."

लेकीनं वर बघितलं. दात वाजायचे थांबले नव्हते, त्यामुळे तिला शब्द जुळवायला वेळ लागला.

"चाळीस मिनिटं?"

"हो."

"उजेड होता?"

"होता."

ती डॉक्टरांकडे वळली. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"मी वळून बघितलं नाही हेही खरंच आहे गं," डॉक्टर म्हणाले.

"मी ते नाही विचारलं."

डॉक्टरांनी आपल्या सोललेल्या तळहातांकडे बघितलं. तेच उत्तर होतं. ती उठली, ब्लँकेट ओढत त्यांच्यापाशी गेली, त्यांचे तळहात उलटे करून बघितले आणि म्हणाली, "हे धुवायला पाहिजेत. आत कुठे नळ आहे?" माझ्याकडे न बघता ती त्यांना आत घेऊन गेली. मी जेटीवर थांबलो. तांडेल दोर खाली ठेवत म्हणाला, "उद्या दहा वाजता साहेब असतात. येऊन लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. अधिकारी तोच होता. त्यानं जुनी वही काढली, पावणेसहावर एक रेघ मारली, वर पाच पाच लिहिलं, माझी सही घेतली. काहीच बोलला नाही. मला वाटलं होतं काहीतरी बोलेल.

लेक तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलली. दूध आणलंय. डबा भरलाय. उशीर होईल. एका रविवारी तिनं डॉक्टरांना घरी जेवायला बोलावलं. ते आले. आम्ही तिघं सुकाणूच्या तारेबद्दल बोललो, दवाखान्यातल्या भित्र्या पेशंटबद्दल बोललो. डॉक्टरांनी मला भोंगेराव म्हटलं नाही. नुसतं अहो म्हणाले.

ते गेल्यावर लेक ताटं उचलताना म्हणाली, "मामाला कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"तूच सांग. मी नाही सांगणार. आणि फोनवर नाही, समोर बसून."

त्यानंतर मेहुणा दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा डॉक्टरांचा विषय निघाला. दुसऱ्या वेळी तर तो म्हणाला की त्या माणसाच्या दवाखान्यावरची पाटी दिसली तरी आपण रस्ता बदलतो. लेक उठून आत गेली. मी त्याला आणखी चहा हवाय का विचारलं.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही.